तेवीस चौकोन

गेल्या वर्षी वन्सं दोनदा चक्कर येऊन पडल्या आणि दोन्ही वेळा ईसीजी काढायला त्यांनी साफ नकार दिला. ज्या बाईने चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या छातीला रबरी फुगे लावून हृदयाच्या पट्ट्या काढल्या, तिने स्वतःची पट्टी काढू देऊ नये याचं शेजारपाजारच्यांना नवल वाटलं. मला वाटलं नाही. घरात आता आम्ही दोघीच. मी शहात्तरची, त्या अडुसष्टच्या. तिसऱ्यांदा पडल्या आणि उठल्याच नाहीत तर, एवढी एकच गोष्ट माझ्या डोक्यात होती. त्यांच्या डोक्यात काय होतं ते सांगायचं तर मागे जावं लागेल.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या, दोन वेण्या आणि शाईने बरबटलेली बोटं. सासूबाई वन्सं वर्षाच्या असतानाच गेलेल्या. यांच्यात आणि वन्संत बारा वर्षांचं अंतर, त्यामुळे भाऊ कमी आणि बाप जास्त असा प्रकार होता. हे त्यांना बारके म्हणत. पुढे केस पांढरे झाले तरी बारकेच. वेण्या घालायलासुद्धा यांनीच शिकून घेतलं होतं. मी आल्यावर तो कंगवा माझ्या हातात देऊन म्हणाले, "सुटलो बुवा, आता हे खातं तुझं."

वन्संचं लग्न जमलं नाही. दोनदा जमत आलं होतं, दोनदा फिसकटलं. तिसऱ्यांदा कुणी विषय काढला नाही, त्यांनीही नाही. चोविसाव्या वर्षी त्या रुग्णालयात तंत्रज्ञ म्हणून लागल्या. तळमजल्यावर मागच्या बाजूला, एक्स-रेच्या शेजारी त्यांची खोली. हिरव्या रेक्झिनचा उंच पलंग, कापडी पडदा, पांढरी जेली, हातापायांना बांधायचे पट्टे, आणि लोखंडी टेबलावर ते यंत्र. थंडीत धातूच्या वाट्या छातीला गार लागू नयेत म्हणून त्या आधी कोमट पाण्यात बुडवून पुसून घेत. रोगी घाबरलेला असे. "बाई, जिवंत आहे ना मी?" असं दिवसातून एकजण तरी विचारीच. "अजून पट्टी पूर्ण झाली नाही, झाली की कळवते," असं त्या चेहरा न हलवता सांगत. लोक हसत, हसल्यावर सैल पडत, आणि मग पट्टी स्वच्छ येई.

त्या काळी यंत्रातून कागदाची लांबच लांब पट्टी निघायची. तिच्यावर बारीक चौकोन छापलेले असत आणि त्यावर तापलेली सुई रेघ काढत जाई. ती वार-दोन वार पट्टी डॉक्टरांपुढे तशीच नेत नसत. तंत्रज्ञाने तिचे बारा तुकडे कापायचे, प्रत्येकात तीन-चार ठोके, आणि ते एका पुठ्ठ्याच्या कार्डावर क्रमाने चिकटवायचे. रोगी हलला, खोकला, पट्टा सैल झाला की रेघ थरथरते, वर चढते, नाहीतर पार कागदाबाहेर जाते. तो भाग टाकून द्यायचा. भाजी निवडावी तसे चांगले ठोके निवडायचे. वन्संचा हात यात असा बसला होता की मोठे डॉक्टर म्हणत, बाईंचं कार्ड भिंतीवर लावावं. कडा सरळ, डिंकाचा थेंब कुठे बाहेर नाही, रेघ कशी काजळ ओढल्यासारखी. उरलेल्या तुकड्यांना त्या शेपटं म्हणत. पाठकोरी शेपटं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात साठवून ठेवायची सवय होती त्यांना, निरोप लिहायला उपयोगी पडतात म्हणून. दोन-तीन महिन्यांनी डबा भरला की रिकामा होई.

हे पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासनीस होते. दिवसभर पायी फिरायचे. चोपन्नावं लागलं त्या वर्षी हे पहिल्यांदा पडले, दाढी करताना. मी वस्तरा उचलला, हे अर्ध्या मिनिटात उठून बसले आणि म्हणाले, खाली साबण पडला होता तो शोधत होतो. दुसऱ्यांदा बँकेच्या रांगेत. तिसऱ्यांदा आमच्याच जिन्याच्या वळणावर, तेव्हा मी मागेच होते. घराजवळच्या डॉक्टरांनी आधी उपाशीपोटी फिरल्यामुळे असं सांगितलं, मग रक्तदाबाची गोळी बदलली. यांना तर सगळ्याची गंमतच. आपल्याला जमिनीची ओढ फार, असं आल्यागेल्याला सांगत.

वन्संना गंमत वाटली नाही. त्यांनी मला बसवून एकेक विचारलं. पडण्याआधी घाम येतो का, हातपाय झटकतात का, जीभ चावली जाते का, रंग कसा होतो. मी रोजच्या वहीत टिपून ठेवलं होतं ते वाचून दाखवलं: घाम नाही, झटके नाहीत, जीभ नाही, चेहरा आधी पांढराफटक, शुद्धीवर येताना एकदम लाल. ते लाल होणं वन्संनी मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. हृदय मधेच थांबून पुन्हा सुरू झालं की असं होतं, पण पट्टीवर सापडल्याशिवाय कुणी मानणार नाही, असं म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी यांना घेऊन या म्हणून त्यांनी मला बजावलं.

मी घेऊन गेले. पडद्याच्या अलीकडे यांचा चष्मा आणि घड्याळ हातात धरून स्टुलावर बसले. यांची बडबड अखंड चालू. पलंग काय उंच आहे, फुगे काय गार आहेत, बारके, तू माझ्या वेण्यांचा सूड घेते आहेस. वन्सं म्हणत होत्या, दादा, हलू नकोस, बोलू नकोस, तुझ्यामुळे माझी रेघ बिघडते. हे म्हणाले, "तुझी रेघ बिघडली तर तुला कामावरून..." आणि मधेच थांबले. यंत्राची घरघर तेवढी चालू राहिली. मग वन्संचा आवाज आला, पट्टा सुटलेला दिसतोय. बकल ओढल्याचा आवाज आला. मग हे म्हणाले, "क्षणभर डोळ्यांपुढे काळं आलं बघ." वन्सं म्हणाल्या, इतकं बोलल्यावर येणारच, आता गप्प पड.

हे गप्प पडले. मग पट्टी सुरेख आली.

बारा तुकड्यांचं कार्ड मोठ्या डॉक्टरांकडे गेलं. आलेख उत्तम, पाणी भरपूर प्या, एकदम उठू नका. बाहेर येताना हे मला म्हणाले, बघ, बहिणीने पास केलं.

एक्केचाळीस दिवसांनी कचेरीत हजेरीच्या वहीवर सही करता करता हे टेबलावरून खाली आले आणि उठले नाहीत. वेळ सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं. शेजारच्या कारकुनाने मला सांगितलं की आडनाव अर्धंच लिहून झालं होतं.

आठव्या दिवशी वन्सं पुन्हा कामावर गेल्या. दुपारी बाराच्या सुमाराला परत आल्या. मी ताटं घेत होते. खांद्यावरची पर्स न काढता त्या टेबलापाशी आल्या आणि पर्समधून कागदाची एक वितभर गुंडाळी काढून मेणकापडावर पसरली. ती सारखी गुंडाळत होती, म्हणून एका टोकावर त्यांनी चमचा ठेवला.

"वहिनी, हे दादाचं आहे. शेपटांच्या डब्यात सापडलं."

मी पाहिलं. सुरुवातीला दोन उंच टोकं होती, शेवटी पुन्हा एक, आणि मधे जवळजवळ सपाट रेघ.

"पट्टा सुटला असं म्हणाला होतात ते?"

"पट्टा सुटला असता तर रेघ उडाली असती, जाड झाली असती. ही बघा कशी शांत आहे. आणि हे बारीक उंचवटे दिसतात? सात आहेत. हृदयाचा वरचा कप्पा हाक मारतोय आणि खालचा ओ देत नाही. सात हाका मारल्या त्याने. तेवीस मोठे चौकोन, म्हणजे साडेचार सेकंदांवर." त्यांनी बोट ठेवलं होतं ते काढलं नाही. "हे पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या मुलीलाही ओळखता येतं. मी याच्याकडे बघितलंच नाही. तो बोलत होता, हलत होता, मी चिडले होते, आणि मला कार्ड छान करायचं होतं."

मी म्हटलं, "हे मला आता कशाला दाखवता?"

"तुम्हाला नाही तर कुणाला दाखवू?"

"उचला ते," मी म्हटलं. "मला पुन्हा दिसता कामा नये."

त्यांनी चमचा बाजूला ठेवला. पट्टी आपोआप गुंडाळली गेली, ती पर्समध्ये टाकली. मी दोन ताटं वाढली. आम्ही जेवलो. कोण किती जेवलं ते मला आठवत नाही आणि मी लिहिलेलंही नाही.

घरी येण्याआधी त्या मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या, हे मला फार नंतर कळलं. डॉक्टरांनी पट्टी पाहिली, उठून दार लावलं आणि समजुतीच्या स्वरात सांगितलं की झालं ते झालं, फाईल बंद झाली आहे, माणूस काही परत येत नाही. तुमची अठरा वर्षांची नोकरी आहे आणि घरी विधवा भावजय आहे, याचा विचार करा. वन्संनी विचार केला की नाही माहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी नोंदींच्या खोलीत जाऊन भावाची फाईल काढली, तो तुकडा त्यात चिकटवला, खाली लिहिलं की हा भाग माझ्याकडून कापला गेला, सही केली, तारीख घातली. ती फाईल पुढे कुणी उघडलीच नाही. कुणी त्यांना जाब विचारला नाही, पत्र दिलं नाही, चौकशी लावली नाही. कुणीतरी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं त्या एकदा एक्स-रेवाल्या बाईंना म्हणाल्याचं मी ऐकलं.

मी तर तेही केलं नाही. सकाळी त्यांना चहा दिला, संध्याकाळी त्या आल्या की दार उघडलं, ताप आला तर कपाळावर घड्या ठेवल्या. भांडण म्हणून कधी झालं नाही. पण यांचं नाव आमच्या दोघींच्यात निघायचं बंद झालं. भिंतीवर फोटो होता, त्याची धूळ कधी त्या पुसत, कधी मी. दोघी एका वेळी कधी नाही.

त्यानंतर वन्संनी पट्टी कापली नाही. अख्खी पट्टी घडीघडीने दुमडून, कोपऱ्यात टाचणी लावून त्या डॉक्टरांपुढे ठेवू लागल्या. मोठे डॉक्टर वैतागले. मला बारा तुकडे हवेत, अख्खं ठाण नको, म्हणाले. भांडारवाला कागद लवकर संपतो म्हणून कुरकुरू लागला. फाईली जाड झाल्या म्हणून नोंदींच्या खोलीतून निरोप आला. वन्संनी प्रत्येकाचं शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. चक्कर येऊन पडलेला माणूस आला की त्याला पलंगावर वीस-वीस मिनिटं झोपवून ठेवायच्या आणि यंत्र चालू ठेवून स्वतः रेघेवरची नजर हलवायच्या नाहीत. बाहेर रांग ताटकळत असे. बहुतेक वेळा काहीच सापडायचं नाही. चक्कर ही सांगून येत नाही आणि यंत्र लावलं की हमखास येत नाही, हेच तर त्या दुखण्याचं वाईट.

तरी अधूनमधून सापडे. एक कपडे शिवणारी बाई होती. मशीन चालवताना एकदम कोसळायची. चार वर्षं तिला फिटच्या गोळ्या चालू होत्या आणि घरचे म्हणत, काम टाळायला नाटकं करते. वन्संच्या पलंगावर चौदाव्या मिनिटाला तिचे ठोके असे धावत सुटले की मोजता येईनात. तिला मोठ्या गावी पाठवलं, ती बरी झाली. सहा महिन्यांनी वन्संसाठी स्वतः शिवलेला झगा घेऊन आभार मानायला आली. वन्सं खोलीच्या बाहेरच आल्या नाहीत. काम आहे असं आतून सांगितलं. झगा दाराच्या कडीला लटकत राहिला, तो संध्याकाळी झाडूवालीने नेला.

दहा वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या. तोवर यंत्रं बदलली होती. आता बारा तुकडे यंत्रच एका कागदावर छापून देतं, कात्री लागत नाही. घरी आल्यावर त्यांनी कुंड्या लावल्या, वर्तमानपत्रातली कोडी सोडवली, माझे डोळे अधू झाले तेव्हा मला वाचून दाखवलं. दिवस जात होते.

मग गेल्या वर्षी वाळत घातलेले कपडे काढताना त्या पडल्या. मी गेले तोवर डोळे उघडले होते. मी तारीख, वेळ लिहिली आणि रंगही लिहिला. तीन आठवड्यांनी स्वयंपाकघरात पुन्हा तेच. पांढरा, मग लाल. मी लिहिते आहे हे त्या बघत होत्या. दोघींनाही न बोलता कळलं होतं, आणि वयामुळे तोल जातो असं त्या मला सांगत होत्या.

मी त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका डॉक्टरीणबाईंना फोन केला. आता हृदयाच्या डॉक्टर म्हणून त्यांचं नाव आहे, पण पट्टी वाचायला त्या वन्संकडून शिकल्या. त्या लहान यंत्र घेऊन घरी आल्या. वन्संनी त्यांना चहा दिला, मुलाबाळांची चौकशी केली, यंत्राचं कौतुक केलं आणि आडवं व्हायला नकार दिला. "बाई, दहा मिनिटं फक्त," डॉक्टर म्हणाल्या. वन्सं म्हणाल्या, तुझी दहा मिनिटं एखाद्या गरजूला दे. डॉक्टर जिन्यात मला म्हणाल्या की असं चालू राहिलं तर एक दिवस त्या उठणार नाहीत. मी म्हटलं, त्यांना हे ठाऊक आहे.

तिसऱ्यांदा त्या न्हाणीघरात पडल्या, आतून कडी लावलेली. मी हाका मारल्या. खालच्या सुताराला बोलावून दार फोडावं लागलं, त्यात सात-आठ मिनिटं गेली. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, कपाळ फुटलेलं, शुद्धीवर. सुतार गेल्यावर मी जखम पुसली, पट्टी बांधली आणि विचारलं की एवढी कसली भीती वाटते.

"पट्टी काढली तर सापडेल, वहिनी. सापडलं तर ते पेसमेकरची डबी बसवतील."

"मग?"

"मग मी बरी होईन."

एवढं बोलून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला सव्वीस वर्षं जे बोलता आलं नव्हतं ते त्या क्षणी तोंडात आलं. मी ते अडवलं नाही. आजही वाटतं की अडवायला हवं होतं, आणि अडवलं असतं तर त्या आज नसत्या, हेही तितकंच खरं.

"हे तुमच्या हातून गेले," मी म्हटलं. "तुम्ही माझ्या हातून जायचं नाही. मला तेवढं झेपणार नाही."

वन्संनी मान हलवली. रडल्या नाहीत. चेहऱ्यावर काही आलं असेल तर ते रागाचं नव्हतं. त्या उठल्या, भिंतीला धरून आपल्या खोलीत गेल्या, पलंगावर उताण्या झोपल्या आणि ब्लाऊजची बटणं काढून म्हणाल्या, "बोलवा तिला."

डॉक्टरीणबाई तासाभरात आल्या. त्यांनी यंत्र लावलं आणि थांबवलं नाही. वन्सं छताकडे बघत पडून होत्या. रेघ त्यांना दिसत नव्हती, मला दिसत होती. सातव्या मिनिटाला उंच टोकं गेली.  मग एक टोक आलं, मग दुसरं.

वन्संनी डोळे मिटून विचारलं, "किती?"

"साडेतीन सेकंद, बाई."

"लहान उंचवटे आहेत?"

"आहेत."

"म्हणजे घराण्यातच होतं," वन्सं म्हणाल्या आणि हातपाय सोडवायला पुढे केले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गळ्याच्या हाडाखाली काडेपेटीएवढी डबी बसवली. भूलही पूर्ण दिली नव्हती, तेवढीच जागा बधिर केली. मी बाहेर बाकावर बसले होते. भिंतीवरच्या घड्याळात आत नेल्याची वेळ पाहून ठेवली होती, बाहेर आणल्याची पाहिली. संध्याकाळी चमच्याने सूप भरवताना त्यांनी चमचा हाताने थांबवला.

"किती वेळ लागला हो?"

खोटं सांगायचं मला सुचलं नाही. "पन्नास मिनिटं."

"पन्नास मिनिटं," त्या म्हणाल्या. "दादाला एवढंच हवं होतं. पन्नास मिनिटं." मग त्यांनी तोंड उघडलं आणि मी उरलेलं सूप भरवलं.

तेव्हापासून वन्सं पडलेल्या नाहीत. गालांवर रंग आला आहे, जिना चढताना दम लागत नाही, भेटायला येणारे म्हणतात, दहा वर्षांनी लहान दिसता. कुंड्यांना पाणी मीच घालते. कोडी तशीच पडून असतात. दुपारी त्या खुर्चीत बसतात आणि बोटं गळ्याखाली नेऊन ती डबी चाचपत राहतात. मी शेजारी बसते. आता यांचं नाव निघतं आमच्यात, रोज निघतं, बहुतेक वेळा त्याच काढतात, आणि मला बंद करा असं सांगता येत नाही.

सहा आठवड्यांनी तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी यंत्र छातीवर धरून आकडे पाहिले आणि खुशीत सांगितलं की सगळं उत्तम आहे, बॅटरी दहा वर्षं आरामात चालेल.

"कमी नाही का करता येत?" वन्संनी विचारलं.

डॉक्टर हसल्या. बाईंचा विनोद अजून तसाच आहे, असं मला म्हणाल्या. मी वन्संची पिशवी उचलली, त्यांची बटणं लावून दिली आणि आम्ही दोघी कठडा धरून, एका वेळी एक पायरी अशा, जिना उतरलो.